दाढ, मेव्हणा आणि लिनक्स

दातांच्या डॉक्टरांचा मेव्हणा लिनक्सचा एवढा भक्त, की कुणी ‘कसं काय?’ विचारलं तरी उत्तर लिनक्सवरच जायचं. रविवारी दवाखाना बंद असताना त्यानं डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून लिनक्स टाकलं.

“भावोजी, लहान पोरालासुद्धा जमतं.”

“मी पन्नाशीचा आहे रे,” डॉक्टर कुरकुरले.

सोमवारी सकाळी नेमकी मेव्हण्याचीच दाढ ठणकायला लागली. डॉक्टरांनी त्याला खुर्चीत आडवा केला, दाढेचा एक्स-रे काढला, इंजेक्शन देऊन जबडा बधिर केला आणि तोंडात कापसाचे बोळे कोंबले. मग एक्स-रे बघायला कॉम्प्युटरकडे वळले, तर पडद्यावर नुसता निळा डोंगर.

“अरे, स्टार्ट कुठंय?”

“आई! आई!” मेव्हणा ओरडला. त्याला ‘खाली, खाली’ म्हणायचं होतं.

“आईला कशाला हाका मारतोस? अजून हातसुद्धा लावला नाही मी.”

मेव्हण्यानं पायाच्या अंगठ्यानं खाली खाली अशी खूण केली. डॉक्टरांनी वाकून टेबलाखाली पाहिलं. “इथं वायरी आहेत फक्त. बरं, सी ड्राइव्ह तरी कुठंय?”

सी ड्राइव्ह नव्हताच. होम नावाचा फोल्डर होता.

“ओम!” मेव्हणा कळवळून म्हणाला. “ओऽम!”

“देवाचं नाव काय घेतोस? साधी दाढ आहे!”

बाहेर थांबलेल्या दोन पेशंटनी हे सगळं ऐकलं आणि मुकाट्यानं काढता पाय घेतला.

शेवटी मेव्हणाच उठला. गळ्यात रुमाल, हनुवटीवर लाळ, अशा थाटात त्यानं माऊस हिसकावला आणि दोन क्लिकमध्ये एक्स-रे उघडून दाखवला.

“एवढं सोपं होतं होय?” डॉक्टर म्हणाले. “मग तोंडानं सांगायला काय झालं होतं?”

मेव्हण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दाढेमुळं नव्हे.

दुपारी जेवायला बसल्यावर डॉक्टरांनी निकाल दिला, “चांगलं असेल तुझं लिनक्स. पण विंडोजमध्ये मी डोळे झाकून वावरतो. परत टाकून दे.”

मेव्हण्यानं वाद घालायला तोंड उघडलं. जबडा अजून बधिरच होता. शब्दाऐवजी नुसती लाळ ओघळली.

त्याच्या बहिणीनं, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोनं, पंचा पुढे केला आणि नवऱ्याकडे वळली. “किती वर्षांनी शांतपणे घास उतरतोय! अहो, याच्या अजून किती दाढा किडल्यात?”