कोबाच्या बाबांची तबकडी

मारिनुसकडे जायचं कोबाच्या अगदी जिवावर आलं होतं. दोघं एकाच वर्गात शिकलेली, पण पुढे तो तिचं चर्च सोडून पलीकडच्या सैल नियमांच्या चर्चमध्ये गेला आणि तेव्हापासून ती त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची. पण गरजवंताला अक्कल नसते. गुरुवारी सकाळी तिनं रेकॉर्ड प्लेअरचं बटण फिरवलं, तर मोटार घुमत होती आणि वरची थाळी ढिम्म हलत नव्हती. सोमवारी बाबांचा वाढदिवस होता. त्रेपन्न वर्षांत त्या दिवशी बाबांचा आवाज ऐकल्याशिवाय तिनं कॉफीला तोंड लावलं नव्हतं.

थोलन या डच बेटावरच्या त्या गावात महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सभागृहात दुरुस्तीची सकाळ भरते. मारिनुससारखी निवृत्त मंडळी हत्यारं घेऊन बसतात आणि लोक बिघडलेल्या इस्त्र्या, घड्याळं, शिवणयंत्रं घेऊन येतात. नियम एकच, पण कडक. वस्तू ठेवून निघून जायचं नाही, मालकानं शेजारी बसून राहायचं. दारातच नेल बसते. ती एका कागदावर वस्तूचं नाव लिहून घेते, कॉफी देते, कॉफीबरोबर एक बिस्किट देते, आणि दुसऱ्याकडे कुणाची नजर जायच्या आत डब्याचं झाकण लावते.

"वस्तू कुणाची?" नेलनं विचारलं.

"बाबांची. म्हणजे क्रेइन काकांची, पण बाबांचीच म्हण."

मारिनुसनं चष्मा कपाळावर चढवला. "या, कोबाबाई! आमच्यासारख्या पाप्याच्या टेबलावर कशी काय वाट चुकलीस?"

"तोंड कमी चालव आणि हात चालव. सोमवारच्या आत चालू झालं पाहिजे."

त्यानं थाळी उचलली आणि नाक मुरडलं. आतल्या रबरी पट्ट्याचं पार डांबर झालं होतं. निम्मा पट्टा मोटारीच्या पितळी पुलीला चिकटला होता, निम्मा थाळीच्या खालच्या कडेला. मारिनुसनं चिंधी स्पिरिटमध्ये बुडवली आणि काळं खरवडायला सुरुवात केली. कोबा मांडीवर पर्स धरून बसली होती. पर्समध्ये फडक्यात गुंडाळलेली ती छोटी तबकडी होती. तिला एकटीला घरी ठेवून यायचा धीर कोबाला झाला नव्हता.

"अमेरिकेचं यंत्र हे," मारिनुस म्हणाला.

"काकांनी आणलं. सत्तर साली परतले तेव्हा."

पुढची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. कोबा तीन वर्षांची असताना तिचे आईवडील मिशिगनला जायला निघाले. बोटीच्या डॉक्टरला पोरीच्या फुप्फुसावर डाग दिसला, म्हणून तिला आत्याकडे ठेवलं. बरी झाली की सहा महिन्यांनी बोलावून घेऊ, असं ठरलं. पण सहा महिन्यांचं वर्ष झालं, आणि मग तिकडे एका रेल्वे फाटकावर आगगाडीनं दोघांनाही नेलं. बाबांच्या कोटाच्या खिशात एक पाकीट सापडलं. त्यावर बाबांच्या अक्षरात कोबाचं नाव होतं आणि आत एक तबकडी. तेव्हा तिकडे दुकानात खोक्यासारख्या खोलीत उभं राहून बोललं, की बोलणं तबकडीवर उतरवून मिळायचं. पण इकडे गावात आत्याकडे ती लावायला यंत्रच नव्हतं. टपालात फुटेल म्हणून तिकडेच राहणाऱ्या क्रेइन काकांनी ती बायबलच्या पेटीत चौदा वर्षं जपली, आणि गावी परतताना रेकॉर्ड प्लेअरसह आणून अठरा वर्षांच्या कोबाच्या हातात दिली.

पहिल्यांदा लावली तेव्हा आत्या आणि काका, बाबांची सख्खी भावंडं, दोघं ढसाढसा रडली होती. "आमचा आद्रियानच!" आत्या म्हणाली होती. "बघ, खोकला असतानासुद्धा कसा सावकाश, धीरानं बोलतोय." मग डोळे पुसून तिनं नेहमीचं वाक्य पुढे जोडलं होतं. "नाहीतर तुझी आई. बोटीवर चढली ती मागे वळून न बघता. पाय अडला तो आमच्या भावाचा." आत्याला भावजयीबद्दल कधी बरं बोलता आलं नाही. कोबा त्याच बोलण्यावर वाढली. तिच्या बैठकीत बाबांचा फोटो रेकॉर्ड प्लेअरच्या वर आहे. आईचा कपाटात, टेबलक्लॉथांच्या खाली आहे.

मारिनुसनं नवा पट्टा चढवला आणि थाळी फिरली. कोबाचा जीव भांड्यात पडला. ती उठायला लागली, तर हा गडी थांबायला तयार नव्हता. त्यानं रेघा मारलेली एक कागदी चकती थाळीवर ठेवली आणि वर दिवा धरला.

"वेग बरोबर असला की या रेघा उभ्याच्या उभ्या दिसतात," तो म्हणाला. "या बघ, पळताहेत. अगं, हे यंत्र रांगतंय!"

"काही रांगत नाही. पन्नास वर्षं बरोबर चाललंय."

"काय वाजवायचीस यावर?"

"स्तोत्रं. दुसरं काय वाजवणार?"

मारिनुस इतका हसला की शेजारचा घड्याळवाला दचकला. कोबाच्या चर्चमध्ये स्तोत्राच्या एकेका अक्षराला एकेक श्वास देतात. मारिनुस नेहमी म्हणायचा, की तुमचं एक कडवं संपेपर्यंत आमच्याकडचे लोक घरी जाऊन सूप पिऊन येतात. "मग कुणाच्या लक्षात येणार!" तो डोळे पुसत म्हणाला. "बैलगाडीला अजून एक बैल कमी केला तर तुम्हाला काय कळणार?"

कोबाला राग आला, पण त्याच वेळी क्रेइन काकांचं एक वाक्यही आठवलं. काका म्हणायचे, "अमेरिकेत हे यंत्रसुद्धा घाईत असायचं. घरी आलं आणि सुधारलं." या वाक्यावर घरात दरवर्षी सगळे हसायचे. ती स्वतःही हसली होती.

मारिनुसनं पुली भिंगाखाली धरली. "हे बघ, साठ. तिकडची वीज सेकंदाला साठ हेलकावे खाते, आपली पन्नास. काकांनी ट्रान्सफॉर्मर आणला, विजेचा जोर कमी केला, पण हेलकाव्यांचं काय? मोटार त्यांच्या तालावर फिरते. तिकडे सहा फेऱ्या मारायची ती इकडे पाचच मारते." बोलता बोलता त्यानं पत्र्याचा डबा उघडून जराशी जाड पुली काढली. कॅनडाहून, अमेरिकेहून परतलेल्यांसाठी तो घरच्या लेथवर अशा पुल्या करून ठेवायचा. कोबाला विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. बिघाड दिसल्यावर विचारायचं काय? एक स्क्रू ढिला केला, जुनी काढली, नवी बसवली. चकतीवरच्या रेघा जागच्या जागी थांबल्या.

त्यानं जवळचीच ऑर्गनवरच्या स्तोत्राची एक जुनी रेकॉर्ड लावली.

"शी!" कोबा म्हणाली. "हे स्तोत्र आहे का नाचाचा बाजा?"

"आमच्याकडे असंच गातात, बाई."

"म्हणूनच वर गेल्यावर तुमचं काय होणार ते ठरलेलंच आहे." नेल फिसकन हसली. कोबालाही हसू येणार होतं. त्या हसण्याच्या भरातच तिनं पर्स उघडली, फडकं सोडलं आणि तबकडी मारिनुसच्या हातात दिली. वर्षातून एकदाच लावायची, सोमवारी लावायची, हे सगळं ती त्या क्षणी विसरली. "ही लाव. अर्धा मिनिट फक्त. चालते का बघू."

मारिनुसनं लेबल वाचलं, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांचा वेग लावला आणि सुई अलगद सोडली. खरखर झाली.

"कोबा, ऐकू येतंय का गं तुला?"

कोबानं मागे वळून पाहिलं. कुणी बाई हाक मारतेय असं तिला वाटलं. मागे कुणी नव्हतं. मारिनुसचा हात हवेत राहिला होता. यंत्रातून आवाज पुढे बोलत होता.

"आत्या दूध देईल ते सगळं प्यायचं. पेल्यात ठेवायचं नाही."

शब्द तेच होते. पन्नास वर्षं तोंडपाठ असलेले, तेच.

"अगं बाई," नेल म्हणाली, "ही तर बाई आहे!"

कोबानं सुईचा दांडा असा झटकन उचलला की मारिनुस ओरडला.

"काय केलंस तू?" ती म्हणाली. "काय केलंस माझ्या यंत्राला?"

"मी काही..."

"माझे बाबा कुठे गेले?"

एवढ्या मोठ्या बाईनं लहान मुलीसारखं विचारलं. मारिनुसनं चकती पुन्हा थाळीवर ठेवून वर दिवा धरला. रेघा उभ्या होत्या. मग तबकडीच्या लेबलवर बोट ठेवलं. तिथे पंचेचाळीस छापलेलं होतं.

"तो आकडा चुकलाय," कोबा म्हणाली.

"नाही चुकला, कोबा. यंत्र हळू फिरलं की बाईचा आवाजही पुरुषासारखा जाड येतो."

"काकांनी ओळखला होता आवाज! आत्यानं ओळखला! सख्ख्या बहिणीला कळणार नाही?"

"पाकिटावर त्याचं अक्षर होतं. त्यांना त्याचाच आवाज ऐकायचा होता," मारिनुस हळू म्हणाला. "मला तरी तेव्हा कुठं कळलं असतं?"

"जुनी पुली लाव."

"लावतो. दोन मिनिटांचं काम आहे. सोमवारी तुझे बाबा तुला मिळतील." त्यानं स्क्रूड्रायव्हर उचलला. टिंगल त्याच्या चेहऱ्यावरून पार गेली होती. त्यानं कधी कुणाचं यंत्र मुद्दाम बिघडवलं नव्हतं, पण आज बिघडवायला तो तयार होता.

कोबा जुन्या पुलीच्या त्या छोट्या पितळी तुकड्याकडे बघत राहिली. नखाएवढा तर होता. त्यातून तिचे बाबा जन्मले होते, आणि त्यानंच आईला कपाटात टेबलक्लॉथांखाली घातलं होतं. तिला भयंकर राग आला. आत्याचा आला, काकांचा आला, मारिनुसचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. अठराव्या वर्षापासून तिनं एकदाही कान देऊन ऐकलं नव्हतं. तिनं नुसतं भक्तीनं ऐकलं होतं.

"थांब," ती म्हणाली. "शेवटी बाबा खोकतात. पुरुषाचा खोकला आहे तो. तेवढं ऐकव, मग बदल."

मारिनुसनं सुई ठेवली. कोबा या वेळी उभीच राहिली, टेबलाची कड धरून. तो आवाज दूध प्यायला सांगत होता, शहाण्यासारखं राहायला सांगत होता. तो सावकाश नव्हता, धीराचाही नव्हता. ठरलेल्या वेळात सगळं सांगून व्हावं म्हणून घाईघाईनं बोलत होता. खोकला गेला की बोटीत बसायचं. इथे खिडकीजवळची खाट तुझ्यासाठी ठेवली आहे. तिच्यावर कुणालाच झोपू दिलेलं नाही. मग स्तोत्राची एक ओळ आली. ती बाबांच्या आवाजात प्रवचनासारखी वाटायची, आता अंगाईसारखी वाटली. आणि मग तो खोकला आला.

तो खोकला नव्हता. हुंदका होता. तोंडावर हात दाबून गिळलेला, आणि तरी तबकडीवर उतरलेला. पन्नास वर्षं कोबानं तो हुंदका ऐकून, बिचाऱ्या बाबांची छाती, म्हणून हळहळ केली होती. मागे वळून न बघणारी बाई त्या दुकानाच्या खोलीत उभी राहून रडली होती, आणि लेकीला ते कळू नये म्हणून तोंड दाबत होती. तिचं ते दाबणं सफल झालं होतं. लेकीला ते कधीच कळलं नव्हतं.

सुई आतल्या कडेला जाऊन टिकटिक करत राहिली. नेलनं बिस्किटांचा डबा उघडून कोबापुढे धरला होता आणि झाकण लावायचं विसरली होती.

"कोबा," मारिनुसनं विचारलं, "कुठली पुली ठेवू?"

कोबानं जुनी पुली टेबलावरून उचलली. ती तिनं फेकली नाही. बाबाही तिचेच होते, इतकी वर्षं तेच तिला सांभाळत आले होते. तिनं पुली फडक्यात गुंडाळली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

"परत लाव," ती म्हणाली.

"जुनी तबकडी आहे गं. दर वेळी झिजते. आज दोनदा झाली."

"झिजू दे. एकाहत्तर वर्षांची झाले. जपून ठेवून कुणाला देऊ?" तिनं खुर्ची यंत्राजवळ ओढली आणि बसली. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलंही नाही.

मारिनुसनं सुई ठेवली. खरखर झाली.

"कोबा, ऐकू येतंय का गं तुला?"

त्या वाक्यानंतर तबकडीवर क्षणभर थांबा होता. तो थांबा कशासाठी आहे, हे कोबाला कधी समजलं नव्हतं. बाबा श्वास घेत असतील, असं ती समजायची. आज तिला कळलं की पलीकडची बाई उत्तराची वाट बघतेय.

"हो गं आई," कोबा म्हणाली. "आत्ता येतंय."