डॉक्टर पडायला शिकतात

लहान मुलांचे दात बघणारे एक डॉक्टर होते. हात हलका, पण चेहरा असा की मुलं खुर्चीत बसायच्या आधीच भोकाड पसरायची. शेवटी पन्नाशी उलटल्यावर त्यांनी विदूषकी शिकायचं ठरवलं.

"त्यासाठी शिकवणी कशाला? घरात आम्ही हसतोच की तुम्हाला," बायको म्हणाली. दवाखान्याचं टेबल तीच सांभाळायची.

वर्ग एका बंद पडलेल्या छापखान्यात भरायचा. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, गुडघ्याला पट्टा; पण अशा धाडकन पडायच्या की बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकावा. पहिल्याच दिवशी त्यांनी डॉक्टरांना सगळ्यांसमोर उभं केलं. "काही करू नका. नुसतं आमच्याकडे बघा."

डॉक्टर तर घरून तयारी करून आलेले. त्यांनी डोळे तिरळे केले, गाल फुगवले, पायात पाय अडकवून पडूनही दाखवलं. तेही आधी रुमाल अंथरून. समोरची आठ माणसं ढिम्म.

"रुमालाची घडी घाला आता," बाई म्हणाल्या. "आणि खरं सांगा, आत्ता मनात काय चाललंय?"

डॉक्टरांची घडी दोनदा चुकली. "त्या कोपऱ्यातल्या गृहस्थांनी मघाशी जांभई दिली, तेव्हा दिसली. त्यांची दाढ... काढावी लागणार."

सगळे खो खो हसत सुटले. गृहस्थ तोंडावर हात धरून हसत होते. "अहो, हसताय काय! आतून पार किडलीय!" डॉक्टर कळवळले, तशी बाईंनाच खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

"तुम्हाला काही सुचत नाही ना, तेव्हा तुम्ही फार गोड दिसता," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "ते लपवू नका."

हे कौतुक की टोमणा, ते डॉक्टरांना आठवडाभर उमगलं नाही.

मग दवाखान्यात एक सहा वर्षांची मुलगी आली. ओठ घट्ट मिटलेले. आईनं समजावलं, रागावून पाहिलं, छे! डॉक्टर स्टुलावरून पडायच्या बेतात होते, पण मध्येच थांबले आणि सरळ जमिनीवर बसले.

"काय करू गं? मला काही सुचतच नाहीये."

मुलीनं खाली वाकून त्यांना निरखलं. "आ कर," ती म्हणाली.

डॉक्टरांनी आ केला आणि छोटा आरसा तिच्या हातात दिला.

"हा वाकडा आहे. रोज घासतोस ना?"

"कधीकधी कंटाळा करतो."

"हे मला आज कळतंय!" टेबलामागून बायको कडाडली. मुलगी खुदकन हसली आणि आपण होऊन खुर्चीत चढली.

तपासणी झाल्यावर ती आईला म्हणाली, "पुढच्या आठवड्यात परत येऊ. या काकांकडे लक्ष ठेवायला हवं."