एक दिवस पुढची तारीख

टेबलाचा खण कर्रकन ओरडला. दुपारच्या झोपेतली पोर चुळबुळली आणि पुन्हा निजली. चार वर्षांची ती, पण भिंतीला पाय लावून दोन्ही हातांनी ओढायची तेव्हा कुठे हा हट्टी खण उघडायचा. आईने मेणबत्तीचा तुकडा घेतला, दोन्ही कडांना घासला. खण लोण्यासारखा सरकला. एक ब्याद गेली.

आता दुसरी. ती सांभाळत असलेल्या लायब्ररीकडून, म्हणजे इतरांनी आयत्या वापरायच्या कोडकडून, हजारो प्रोग्राम तारखा मोजून घेत, आणि ती लायब्ररी नऊ वर्षं एक दिवस पुढची तारीख सांगत होती. कृपा आधीच्या माणसाची. ऑफिसात त्याला गुरुजी म्हणत; हाताची बोटं मोजतानाही अंगठा दोनदा धरतील असे गुरुजी. तिने चूक दुरुस्त केली होती. नवी आवृत्ती तयार होती, बटण दाबायचंच बाकी होतं.

फोन थरथरला. कासव होता, कुठलाही बदल म्हटला की मान आत घेणारा तिचा सहकारी.

"ताई, लसीकरण केंद्राचं पत्र वाचलंस?"

"वाचलं," ती कुजबुजली. "'तुमच्या तारखेतून आम्ही एक दिवस वजा करतो, तरी चूक तशीच ठेवावी.' आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या, वर पीठ जाडंच हवं म्हणायचं."

"त्यांचा प्रोग्राम लिहिणारा सोडून गेलाय. आता बाळांना एक दिवस आधी बोलावणं जाईल. दोन-दोन बस बदलून येतात गं बाया, तशाच परत जातील."

"एक वजाबाकी काढता येत नाही त्यांना?"

"दुरुस्त केलेली नव्या नावाने दे. जुनी तशीच राहू दे."

"म्हणजे खोट्याला पेन्शन? पाय वाकडा म्हणून चप्पल वाकडी शिवत नाहीत, कासवा."

तिने फोन ठेवला. नव्या आवृत्तीसोबतच्या सूचनेत एकच ओळ लिहिली: 'चुकीवर घर बांधलं असेल, तर छप्पर आपलं आपण सांभाळावं.' ओळ तिला फार आवडली. तिने बटण दाबलं.

मागे धाडकन आवाज झाला.

पोर कधी उठली, कळलंच नव्हतं. रंगखडू हवे होते. रोजच्यासारखा भिंतीला पाय लावून तिने सगळ्या ताकदीने खण ओढला होता. आता ती उताणी पडली होती आणि अख्खा खण तिच्या नडगीवर.

आईने तिला उचलून पोटाशी धरलं, नडगीवर फुंकर घातली. "खण बरा केला होता गं राणी मी. आता हळूच ओढायचा."

पोरीने नाक वर ओढलं. खणाकडे बघितलं.

"तो बरा झाला, मग मला का लागलं?"