गोणपाटाखालची वीट

मित्रांनो, मी एक जुनी वीट आहे, गिरीज गावातल्या बर्नार्डकाकांच्या पावभट्टीतली. स्वस्थ राहणं मला ठाऊकच नाही. पहाटे लाकडं पेटली की मी तापते. आग विझते, पाव विकून होतात, तरी मी दुपारपर्यंत धुमसतच असते. एवढी उष्णता घेऊन जाऊ तरी कुठे, या विचाराने माझा जीव कासावीस व्हायचा.

चिखल होते तेव्हा शांत होते. वीटभट्टीत भाजून निघाले आणि ही तगमग मागे लागली. नाताळात सगळे काकांच्या पावांचं कौतुक करत. माझ्याकडे कोण बघतंय! पुढे गिऱ्हाईक घटलं. भट्टी पाडून तिथे दुकान काढायचं, असं काकांनी ठरवलं. त्यांची मुलगी स्टेफी कॉलेजात विज्ञान शिकवते. तिला हे मुळीच पटलं नाही.

"पपा, या विटांच्या उष्णतेवर दिवा लावून दाखवते. लागला तर भट्टी ठेवाल?"

"लागला तर ठेवीन, बाय. गवंडी मात्र शनिवारी येणारच."

शनिवारी पाव भाजून झाल्यावर तिने माझ्यावर एक चपटी पट्टी बसवली आणि तिच्या तारा बारक्या दिव्याला जोडल्या. दिवा मिणमिणला. ती विहिरीचं गार पाणी आणायला गेली. गवंडी हरेश्वर पहार घेऊन दारात उभाच होता. तेवढ्यात काकांनी इकडेतिकडे बघितलं आणि पट्टीवर हळूच गोणपाट घातलं. दिवा विझला. मी जीव तोडून उष्णता देत होते, तरी विझला. मला काकांचा भयंकर राग आला.

"करू सुरुवात?" हरेश्वरने विचारलं.

स्टेफी बादली घेऊन आली. "हे गोणपाट कोणी घातलं?"

काका ओशाळले. "मीच. पीठ झाकतो ना, तसं. तुझी पट्टी गार पडू नये म्हणून."

"अहो पपा, वरून ती गारच पाहिजे. खालून तापलेली, वरून गार, त्या फरकातूनच वीज होते."

तिने गोणपाट काढून ओलं फडकं ठेवलं. दिवा लागला, आणि या वेळी चांगला लागला.

त्या विजेवर पंखा काही फिरला नसता. पण मला पाडायला ज्यांनी माणूस बोलावला, त्यांनाच मनातून मी हवी होते, हे मला तेव्हा कळलं. माझा राग कुठच्या कुठे गेला.

काकांनी माझ्यावर तळवा टेकला आणि चटका बसून मागे घेतला. "हरेश्वर, पहार ठेव खाली. चहा घेऊन जा."

तगमग अजून आहे, पण आता तिला वाट मिळाली आहे. मित्रांनो, जुनी भिंत पाडायला निघालात, तर आधी तिला हात लावून बघा. तिच्यात काय साठलंय, ते तिला सांगता येत नाही. बर्नार्डकाका हल्ली रोज बघतात, चटका बसला तरी.