गोड माती

"ओ मॅडम! माह्या धुऱ्यावर खड्डे कायले करून राह्यल्या तुम्ही? धन गाडलं हाय का इथं?"

रामराव असा ओरडला की तुरीवरचे पोपट उडून गेले. कॉलेजातून माती तपासायला आलेली शाल्मली मात्र जागची हलली नाही. बांधावरच्या बाभळीखालची माती तिनं खुरप्यानं उकरली, पिशवीत भरली, वर चिठ्ठी लावली. चार तुरीच्या शेंगाही तोडून घेतल्या. मग शांतपणे म्हणाली, "काका, इथं तुम्ही जुन्या बॅटऱ्या फोडत होता ना? त्यातलं शिसं मातीत किती राहिलंय, ते बघायचंय."

रामरावानं बाभळीकडं पाहिलं. खोटं काय होतं त्यात? पंधरा वर्षांआधी आर्णी रोडवर त्याचं बॅटरीचं दुकान होतं. मेलेल्या बॅटऱ्या तो या बाभळीखाली आणून फोडायचा, शिसं वितळवायचा.

महिनाभरानं, संक्रांतीच्या तोंडावर, शाल्मली कागद घेऊन घरीच आली. रामरावाची बायको तानाबाई ओसरीत कापसातली पत्ती काढत बसली होती. सून अर्पिता, सहावा महिना लागलेली, चहा घेऊन आली.

"मातीत शिसं भरपूर निघालं," शाल्मली म्हणाली. "पण तुमची काळी माती ते घट्ट धरून ठेवते. झाडाला फारसं उचलता येत नाही. शेंगेत नावालाच आलंय."

रामरावाचा जीव भांड्यात पडला. "म्या म्हटलं नव्हतं का! माही माती मलेच दगा देईन का?"

"थांबा काका. झाडाचं वेगळं, माणसाचं वेगळं. आपल्या पोटात असतं तसं आंबट पाणी करून आम्ही त्यात ही माती हलवली. निम्म्याच्या वर शिसं सुटून पाण्यात उतरलं. म्हणजे ही माती कोणी खाल्ली, तर त्यातलं बरंच रक्तात जाऊ शकतं. लहान लेकरांना आणि पोटुशी बाईला तर फार वाईट."

"आता माती कोण खाते बाप्पा?" रामराव हसला.

तानाबाईचे हात कापसात तसेच राहिले.

कोण खाते म्हणे! तिसऱ्या महिन्यातच अर्पिताला मातीचे डोहाळे लागले होते. नर्सबाईनं बजावलं होतं, माती खायची नाही. तिचा नवरा अक्षय तर खेकसलाच होता तिच्यावर. पण पोरगी भिंतीचे पोपडे काढून चाटायची, ते तानाबाईला पाहवेना. रोज वावरातून येताना ती ढेकूळ आणायची, तव्यावर भाजायची, पदराच्या गाठीत बांधून सुनेला गुपचूप द्यायची. आधी नाल्याकाठची आणली, मग वारुळाची. अर्पितानं दोन्ही थुंकून टाकल्या. बाभळीखालची आणली तेव्हा मात्र तिनं डोळेच मिटले. "आत्याबाई, याच मातीले गोडी हाय वो."

आणि तानाबाई हरखली! शिसं वितळताना जिथं धूर निघायचा आणि बकऱ्यासुद्धा फिरकत नव्हत्या, तीच ही जागा. ध्यानात कसं आलं नाही बाई? आलं होतं की एकदा. इतक्या वर्षांत पावसानं धुऊन नेलं असंन, असं म्हणून तिनं ते झटकून टाकलं होतं. आता तेच तिला खायला उठलं.

शाल्मलीनं गाडीची किल्ली हातात घेतली. अर्पितानं सासूकडं पाहिलं आणि हळूच मान हलवली, बोलू नका म्हणून. आजची गाठ तानाबाईच्या पदरात तशीच होती. बोललं तर नवरा, लेक, सारं गाव तोंडात शेण घालणार. न बोललं तर त्या पोटातल्या लेकराचं काय?

"थांब वं पोरी." तानाबाईनं गाठ सोडली आणि भाजलेली तीन ढेकळं शाल्मलीच्या हातावर ठेवली. "खाणारी माही सून हाय. चारणारी म्या. तिले काही म्हनू नका."

"कधीपासून, काकू?"

"तीन महिने झाले. भाजून देत होती मी. जंतू मरतात म्हनून."

"भाजून शिसं मरत नाही, काकू. मातीला गोडसर चव येते, ती त्याचीच."

रामराव शिवी द्यायला उठला अन् तसाच खाली बसला. बॅटऱ्या कोणी फोडल्या, हे त्याला दुसऱ्यानं सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी यवतमाळला जाऊन अर्पिताचं रक्त दिलं. संध्याकाळपर्यंत थांबून रिपोर्ट घेतला. शिसं निघालं, बरंच निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाली, "माती आजपासून बंद. गोळ्या घ्या, दर महिन्याला रक्त तपासू. बाळाचं मात्र आत्ताच काही सांगता येत नाही." येताना एसटीत तानाबाईला कोणी बोल लावला नाही. अक्षयनं तर तिला खिडकीची जागा दिली. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं. डोळे पुसायला तिनं पदर उचलला आणि गाठीच्या जागी तीच माती लागलेली दिसली, तसा सोडून दिला.

रामरावानं बाभळीभोवती काटेरी कुंपण घातलं. पण डोहाळे का कुंपण मानतात? चौथ्या दिवशी सकाळी अर्पिता चुलीपाशी आली आणि खाली मान घालून तिनं हात पुढं केला.

तानाबाईनं धुतल्या लुगड्याच्या पदराची गाठ सोडली. सुनेच्या तळहातावर फुटाणे ठेवले. अर्पितानं दोन चावले, तोंड वाकडं केलं.

"आत्याबाई, याले गोडी नाही."

"नसू दे माय. गोडी नाही तेच खाय," तानाबाई म्हणाली, आणि शेवटचा दाणा गिळेपर्यंत तिच्या तोंडाकडं पाहत बसली.