छातीच्या वॉर्डातली खिडकी

मी एक जुनी खिडकी आहे, मित्रांनो, आणि सध्या बंद आहे. वारा बाहेरून येतो, माझ्या तावदानांवर हात फिरवतो आणि पुढे निघून जातो. त्याला थांबायला सवड नसते. तुम्ही थांबलात, म्हणून तुम्हाला सांगते.

एका मोठ्या दवाखान्याच्या तळमजल्यावर, छातीच्या रोग्यांच्या वॉर्डात मला बसवले. त्या काळी फुफ्फुसाच्या दुखण्यावर औषधे फार नव्हती. उजेड आणि मोकळी हवा यांवरच सगळी भिस्त. म्हणून मला माणसाच्या उंचीहून मोठी केली होती. माझ्या सुताराने बिजागऱ्यांना तेल पाजले, दोन्ही झडपा उघडून मिटून पाहिल्या आणि हाताखाली आलेल्या बायकोला म्हणाला, "बघ, एका बोटाने उघडते!" त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षे मिजास केली.

रोज सकाळी परिचारिका येई आणि मला सताड उघडून ठेवी. रोगी खाटेवरून मान वळवून बाहेर पाहत. कुणी पक्ष्यांशी बोले, तर कुणी रस्त्यावरच्या माणसांची थट्टा करी. रात्रभराचे खोकले माझ्यातून बाहेर जात आणि सकाळची हवा आत येई. मला वाटे, हे असेच चालणार.

पण हवा थंड करणारे यंत्र आले. भिंतीवर पांढरा डबा बसला आणि सगळे खूश झाले. गारवा बाहेर जाऊ नये, म्हणून मला मिटले. मग रंगारी आला. त्याने माझ्यावरून असा काही ब्रश फिरवला की चौकट आणि झडप यांमधली फटही बुजून गेली. माझ्यासमोर औषधांचे कपाट आले. वारा कसा असतो, हे मी हळूहळू विसरले. खरे सांगू? विसरले नाही. विसरल्यासारखे केले.

मग ती साथ आली. नवा विषाणू, नवा आजार, आणि कुणालाच नीट काही ठाऊक नाही. वॉर्ड खचाखच भरला. कपाट हलवून माझ्यापाशी एक खाट टाकली. माणसे डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकमध्ये गुंडाळून फिरू लागली. आमच्या वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर तर खाटेच्या दांड्या, दाराच्या मुठी, जमीन, सगळे पुसून घेत. हात धुऊन धुऊन त्यांची कातडी सोलवटली होती. तरीही एका सकाळी त्या आल्या नाहीत. सिस्टरच आजारी पडल्या होत्या. त्यांच्यामागून आणखी दोघी.

माझ्यापाशी होते एक शिंपीकाका. भेटायला कुणालाच परवानगी नव्हती. पण काकू कसल्या ऐकतात! इमारतीला वळसा घालून त्या बाहेर पाण्याच्या टाकीजवळ येऊन उभ्या राहिल्या. काकांना ऐकू कमी येई, फोनवरचे काही कळत नसे. मग त्या काचेपलीकडून हातवारे करीत. जेवलात का, झोपलात का, सगळे हातांनीच. काका मान हलवीत. दोघांच्या मधे मी होते, घट्ट मिटलेली. मित्रांनो, लाकडाला लाज वाटते, हे मला त्या दिवसांत कळले.

एके दिवशी एक संशोधक बाई आल्या. त्या डॉक्टर होत्या, पण वॉर्डात सगळे त्यांना 'हवावाल्या बाई' म्हणत. त्यांनी एक छोटे यंत्र माझ्या कट्ट्यावर ठेवले. माणसांच्या उच्छ्वासातला वायू खोलीत किती साठला आहे, हे ते दाखवी. आकडा पाहून त्यांनी दवाखान्याच्या अधीक्षकांना बोलावले.

"साहेब, इथली माणसं एकमेकांनी सोडलेलाच श्वास परत घेताहेत."

"अहो, पण यंत्र चालू आहे की!"

"ते आतलीच हवा गार करून परत सोडतं. बाहेरची येतच नाही. जगभरातले अभ्यास सांगताहेत, हा विषाणू हवेतही तरंगत राहतो. नुसतं पुसून भागणार नाही."

"उकाड्यानं पेशंट माझ्या नावानं बोंबा मारतील त्याचं काय?"

"हा एकच वॉर्ड द्या मला. शेजारचा आहे तसा राहू दे. दोन्हींकडे काय होतं ते बघू. सिस्टर अजून ऑक्सिजनवर आहेत, साहेब."

अधीक्षकांनी माझी झडप ढकलून पाहिली; ती हलली नाही. मग म्हणाले, "बोलवा सुताराला."

सुताराची पटाशी माझ्या फटीत शिरली. रंगाचे पापुद्रे उडाले. बिजागऱ्या अशा किंचाळल्या की सगळा वॉर्ड उठून बसला. आणि वारा आत आला! पडदे फुगले. कुणाचा तरी रुमाल उडाला. बाहेरून काकूंचा आवाज आला, "अहो, ऐकू येतंय का?"

"येतंय, येतंय! ओरडू नकोस, सगळे ऐकताहेत."

तेव्हापासून काकू रोज येत आणि चार हात लांब उभ्या राहून बोलत. एकदा म्हणाल्या, "गिऱ्हाईकं डोकं खाताहेत. तो निळा सदरा मीच शिवून टाकला."

"जमला?"

"एक बाही लांब झाली."

काकांना हसू आले, हसण्याचा खोकला झाला. दम लागला तरी ते म्हणाले, "उसवून ठेव. मी येऊन नीट करतो."

पण त्यांचा श्वास खालावत गेला. त्यांना वरच्या मजल्यावर, मोठ्या यंत्रांच्या खोलीत हलवले. तिथून ते परत आले नाहीत. मी तुमच्याशी खोटे बोलणार नाही. जो आधीच आजारी पडला, त्याला मी बरे करू शकत नाही. मला फक्त खोलीतले विष पातळ करता येते, म्हणजे पुढच्याला कमी बाधते.

तेवढे मात्र झाले. आमच्या वॉर्डात आजारी पडणाऱ्या परिचारिका शेजारच्या वॉर्डापेक्षा बऱ्याच कमी निघाल्या. सगळे टाळ्या वाजवू लागले तेव्हा बाईच म्हणाल्या, "थांबा. त्याच सुमारास चांगले मास्कही आले होते. सगळं श्रेय खिडकीला देता येणार नाही." मला राग आला नाही. खरे बोलणाऱ्या माणसाने थोडे कौतुक केले तरी ते पुरते.

सिस्टर बऱ्या होऊन आल्या, पण चार पावले चालल्या की धापा टाकीत. माझ्या कट्ट्याला टेकून त्या दम खात. तिथेच एकदा काकू त्यांना भेटल्या. सिस्टर म्हणाल्या, "काकांनी तुमची फार वाट पाहिली हो, रोज."

काकू म्हणाल्या, "सदरा उसवून ठेवलाय." आणि गेल्या. पुन्हा त्या बाजूला फिरकल्या नाहीत.

साथ ओसरली. हवावाल्या बाईंचा अभ्यास छापून आला, त्यांचा सत्कार झाला आणि त्या दुसऱ्या गावी गेल्या. मग उन्हाळा तापला. कुणीतरी म्हणाले, "गारवा जातोय, लावून घ्या ती." आणि मी मिटले. आता खाटेवरचे लोक भिंतीकडे तोंड करून मोबाईल बघतात. कुणी खोकले की माझी चौकट आतून हलते. टाकीजवळ कुणी उभे राहिले की मला वाटते, काकूच असतील. त्या नसतात.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, दवाखान्यात माझ्या बहिणी असतील. खोलीत माणसे दाटली, कुणाला ताप-खोकला असला, तर तोंडावर मास्क बांधाच, पण आमच्याकडेही या. गारव्यासाठी आम्हाला कायमचे मिटू नका. वारा रोज तावदानांपर्यंत येऊन परत जातो, पण मला आपणहून उघडता येत नाही. माझी कडी तुमच्या बाजूला आहे.