हेस्टरचं पुष्पचक्र

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या वंशजांची एक संघटना होती; तिची व्हरमाँट राज्यातली शाखा कधीच बंद पडली होती. ऑर्विल टटलनं ती पुन्हा उभी केली आणि दफनभूमीत पूर्वजाच्या थडग्यावर पहिलं पुष्पचक्र वाहायचा मान म्हाताऱ्या हेस्टरला दिला. तिच्या पूर्वजानं त्या युद्धात सैन्याची गुरं हाकली होती. गोळी एकही झाडली नव्हती.

हेस्टरच्या मुलाला, कर्टिसला, पूर्वी याच शाखेनं सभासद करून घेतलं नव्हतं. तो दत्तक, म्हणजे रक्ताचा नव्हे. पुढे तो इराकमध्ये लढताना मेला.

ढोल वाजले. हेस्टर पूर्वजाच्या थडग्याजवळून तशीच पुढे गेली आणि तिनं पुष्पचक्र कर्टिसच्या थडग्यावर ठेवलं.

"अहो हेस्टरबाई, असं कसं? ते पूर्वजाचं आहे!" ऑर्विल ओरडला.

"गप रे! आमच्या घराण्यात गोळी खाल्लेला हा एकटाच."